फसवलं की बुडवलं? तासगावच्या एका फिर्यादीतले शब्द

मार्च २०२५ चा दुसरा आठवडा. ऊन तापायला लागलं होतं आणि तासगाव परिसरातल्या बऱ्याच द्राक्षबागा उतरून रिकाम्या झाल्या होत्या. सकाळी अकराच्या सुमाराला एक मावशी आणि त्यांचा पुतण्या माझ्या टेबलाशी आले. मी अर्ज लिहून देतो. कचेरीबाहेर बसून वारसनोंदीपासून तक्रारीपर्यंत लागेल ते लिहितो. आधी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आणि छोटा प्रिंटर आहे. पुतण्यानं मजकूर घरूनच लिहून आणला होता. वहीचं फाडलेलं पान, निळी शाई, काही शब्दांखाली दोन-दोन रेघा. त्यातला मुख्य भाग असा होता :

"सदर भामट्याने आमच्या चुलतीस तीन लाख वीस हजाराचा गंडा घातलेला आहे. गोड बोलून टोपी घातली, चारसोबीसी केली व हातावर तुरी देऊन पसार झाला. तरी मेहेरबान साहेबांनी कडक कारवाई करावी."

"काका, एवढंच टाइप करून द्या," तो म्हणाला.

मावशी बाकड्यावर टेकल्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या एकच वाक्य परत परत बोलत होत्या. "भाऊ, केसानं गळा कापला वो माझा."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. दुखावलेलं माणूस बोलतंच असं, असं वाटलं मला. त्या दिवशीची माझी ही चूक पुढं सांगतो.

ओळख पटेल असं काहीही इथं दिलेलं नाही. पण त्या पानावरचे शब्द आणि त्यांचं पुढं काय झालं ते सगळं लिहितो, कारण या प्रकरणाला जी दिशा लागली ती शब्दांनी लागली. पानावर फसवणुकीचे पाच शब्द होते : भामटा, गंडा, टोपी, चारसोबीस, तुरी. आणि फसवणूक कशी झाली याचं एकही वाक्य नव्हतं.

सौदा कसा झाला

ज्यांना द्राक्षातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑक्टोबरला फळछाटणी होते. विरळणी, डिपिंग (घड संजीवकाच्या पाण्यात बुडवणं), औषधांच्या फवारण्या असं करत चार महिने बाग सांभाळायची. जानेवारी-फेब्रुवारीत मण्यात गोडी भरली की व्यापारी बागेत येतो, घड उचलून बघतो, मणी चाखतो, चार किलोच्या पेटीला दर बोलतो. ठरलं की इसार देतो. मग त्याची माणसं येऊन माल तोडतात, बागेतच पॅकिंग होतं, गाडी भरते आणि जाते. कागद म्हणाल तर वजनाची चिठ्ठी, तीही डायरीच्या पानावरची. २०१६ मध्ये फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त झाला. शेतकऱ्याला कुठंही विकायची मोकळीक मिळाली, ते चांगलंच झालं. पण बांधावरच्या सौद्यात मधे उभं राहणारं कुणी उरलं नाही. तयार माल झाडावर ठेवता येत नाही. एक अवकाळी सर आली की मणी तडकतात आणि चार महिन्यांची मेहनत चार तासांत बेदाण्याच्याही लायकीची राहत नाही. त्यामुळं दर बोलताना शेतकरी घाईत असतो आणि व्यापारी निवांत असतो. या धंद्यातल्या सगळ्या फसवणुकीचं मूळ मला तरी या घाईत दिसतं.

मावशींची एक एकर बाग. पती वारलेले, मुलगी लग्न होऊन गेलेली, शेतीत पुतण्याची मदत. फेब्रुवारीत गावातलाच एक दलाल व्यापाऱ्याला घेऊन आला. त्या आठवड्यात गावात पेटीला १५० च्या आसपास सौदे चालले होते. यानं १६० सांगितले. अडीच हजार पेट्यांचा अंदाज, म्हणजे चार लाखांचा माल. इसार म्हणून ५० हजार रोख हातावर ठेवले. पहिल्या दिवशी ५०० पेट्या तोडल्या, त्यांचे ८० हजार झाले. इसार वळता करून उरलेले ३० हजार त्यानं त्याच संध्याकाळी, बागेच्या कडेला मोटारसायकलच्या सीटवर नोटा मोजून दिले. पुढच्या दोन दिवसांत राहिलेल्या २,००० पेट्या गेल्या. त्यांचे ३ लाख २० हजार. त्याचा चेक दिला, तारीख आठ दिवसांनंतरची. चेक बँकेतून परत आला. फोन बंद.

हे सगळं मला तासाभराच्या विचारपुशीनंतर कळलं. पानावर यातलं काहीच नव्हतं. पुतण्या शिकलेला, चांगला हुशार मुलगा. त्याच्या लिहिण्यात काही कमी नव्हतं. राग आला की आपल्याला क्रियापद सुचत नाही, शिवी सुचते. आणि मराठीत फसवणुकीसाठी इतके तयार शब्द पडलेले आहेत की तेच आधी हाताला लागतात.

पाच शब्द

गंडा हा वर्तमानपत्राचा शब्द. "शेतकऱ्याला तीन लाखांचा गंडा." हा मथळा नीट बघा. किती रुपये ते आहे, कुणाला ते आहे. कुणी घातला ते नाही, आणि नसलं तरी वाक्य पुरं वाटतं. मथळ्याला ते चालतं, कारण बातमी खाली असते. फिर्यादीत मात्र करणारा आणि त्याचं करणं हेच तर सांगायचं असतं. गंडा म्हणजे मंतरलेला, गाठी मारलेला दोरा, गळ्यात नाहीतर दंडाला बांधायचा. गंडेदोरे म्हणतो आपण ते हेच. फसवणुकीचा गंडा ऐकला की माझ्या डोळ्यांपुढं तो दोराच येतो, कारण बांधून घेणारा आपण होऊन मान पुढं करतो. (गंडेदोरे देणाऱ्याला आपण भोंदू म्हणतो. तिथं देवाधर्माचं सोंग लागतं, नुसता पैसा खाणारा भोंदू होत नाही. शेजारच्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर या भोंदूगिरीशी आयुष्यभर भांडले आणि त्यासाठीचा कायदा २०१३ मध्ये त्यांच्या खुनानंतर झाला.)

टोपी घालणं हा पारावरचा शब्द आहे. "त्याला चांगली टोपी घातली" म्हणणारा गंमत बघत असतो, आणि त्याच्या बोलण्यात फसणाऱ्याचं अडाणीपणही थोडं येतं. शेंडी लावणं त्याहून हलकं. पोरगं आईला शेंडी लावून जत्रेला जातं, मित्र मित्राला चहाच्या बिलात शेंडी लावतो. एका बाईचं वर्षाचं उत्पन्न गेलेलं असताना "टोपी घातली" लिहिणं मला पटेना. ती तिची थट्टा झाली असती आणि ती आम्हीच केली असती.

हातावर तुरी देणं म्हणजे ताब्यातून निसटणं. आरोपी पोलिसांच्या हातावर तुरी देऊन पळतो. इथं तो माणूस कुणाच्या ताब्यात नव्हताच. लोकांनी त्याला चहा पाजून, हात हलवून निरोप दिला होता. म्हणून तोही शब्द गेला.

चारसोबीस. हा आकडा भारतीय दंड संहितेचा, १८६० चा कायदा, १ जानेवारी १८६२ पासून लागू झालेला. ४२० व्या कलमानं दीडशेहून जास्त वर्षं या देशाला एक विशेषण दिलं. मराठीत आकडा चारशे वीस, पण माणसाला कुणी "चारशे वीस" म्हणत नाही, चारसोबीसच म्हणतात. शब्द हिंदी वेषातच आपल्याकडं आला आणि तसाच राहिला. आता मात्र १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि त्यात हा गुन्हा कलम ३१८ मध्ये आहे. मालमत्ता द्यायला लावणारी फसवणूक ३१८ (४) मध्ये, शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि दंड. फेब्रुवारी २०२५ मधल्या घटनेला ४२० लिहिलं असतं तर ते चुकलंच असतं. शब्द बोलण्यात अजून बरीच वर्षं चालेल, कलम मात्र गेलं.

राहिला भामटा. हा मी कधीच लिहीत नाही, आणि का ते पुतण्याला सांगितलं.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा जातीच्या दाखल्याचा अर्ज लिहून घ्यायला आला होता. घरचे लोक कामासाठी इकडं येऊन राहिलेले. जातीच्या रकान्यात काय लिहू विचारलं, तर तो हळू आवाजात म्हणाला, "राजपूत भामटा." माझ्या टेबलावर त्या दिवशीचा पेपर उघडा होता आणि वरच मोठ्या अक्षरात मथळा होता, कुठल्याशा वृद्धेला लुबाडणाऱ्या भामट्याचा. त्यानं तो वाचला. तो वाचत असताना मी त्याच्याकडं पाहिलं. काही बोलला नाही, नुसती नजर खाली गेली. मी पेपर उलटा करून ठेवला. त्याला त्याचा काय उपयोग?

महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा आणि राजपूत भामटा ही नावं आहेत. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि आख्ख्याच्या आख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. हजेरी लावायची, पास घेऊन गाव सोडायचं. तो कायदा १९५२ च्या ऑगस्टअखेर रद्द झाला, म्हणून ते "विमुक्त". कायद्यानं त्यांची सुटका झाली, भाषेनं अजून केलेली नाही. आपण रोज सकाळी पेपरात त्यांना परत पकडतो. उचल्या या शब्दाचंही हेच आहे. ठग, ठक, लबाड, लफंगा, तोतया, भोंदू असे शब्द असताना एखाद्या समाजाचं नाव चोराला द्यायची काय गरज आहे? पुतण्यानं मुकाट्यानं स्वतःच्या हातानं तो शब्द खोडला. दोन रेघा होत्याच त्याखाली, तिसरी वरून मारली.

हवालदारांचा प्रश्न

पाचही शब्द काढले. घटनाक्रम लिहिला, तारखा घातल्या, पेट्यांचा हिशेब घातला आणि शेवटी "सदर व्यापाऱ्याने माझे ३,२०,००० रुपये बुडवले आहेत" असं वाक्य टाकलं. मला वाटलं, आता कागद स्वच्छ झाला. मावशींचा अंगठा नाही, सही होती. वळणदार, जुन्या सातवीची.

मी बरोबर गेलो. ठाण्यात हवालदार वयानं जाणते होते. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि मावशींना विचारलं, "मावशी, त्यानं तुम्हांला फसवलं का तुमचे पैसे बुडवले?"

मावशी म्हणाल्या, "एकच की वो."

"एक नाही. बुडवले असतील तर कोर्टात दावा घाला, वसुलीचा. आम्ही त्यात काय करणार? धंद्यात तोटा आला, देता आले नाहीत, असं तो म्हणणार. पहिल्या मालाचे रोख दिलेत ना त्यानं? मग फसवलं कुठं?"

पुतण्याला राग आला. मला आला नाही, कारण माणूस बरोबर बोलत होता. करार मोडला म्हणून दर वेळी गुन्हा होत नाही. देण्याची दानत पहिल्यापासून नव्हती हे दिसायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा पुन्हा सांगितलेलं आहे. मनात खोट आधीपासून असेल तर ठकवणूक, नंतर हात आखडला तर उधारी. आणि गंमत नाही, खरंच सांगतो, आपल्या बोलीत हा फरक कायद्याच्या आधीपासून आहे. मी इतकी वर्षं शब्द विकतोय आणि मला तो त्या बाकड्यावर बसल्यावर दिसला.

बुडवतो ते पैसे. फसवतो ते माणसाला. "माझे पैसे बुडवले" म्हणतो आपण, "मला बुडवलं" क्वचित. "मला फसवलं" म्हणतो, "माझे पैसे फसवले" कुणी म्हणत नाही. बुडवण्यात पैशाचं काय झालं ते येतं, फसवण्यात माणसाचं काय केलं ते. कायदाही नेमकं हेच विचारतो की पैसा किंवा माल हलायच्या आधी त्या माणसाला काय खोटं सांगितलं, काय भासवलं, ज्यावर विसंबून त्यानं तो दिला. मी कागदात "बुडवले" लिहून मावशींची तक्रार माझ्याच हातानं दिवाणी करून टाकली होती.

आणखी एक. मावशी पहिल्यापासून "मी फसले" म्हणत होत्या. फसणं म्हणजे अडकणं. बैलगाडी चिखलात फसते, त्यात चिखलाचा दोष कुणी काढत नाही. बायका, म्हातारी माणसं, पहिल्यांदा ठाण्याची पायरी चढणारे, सगळे असंच बोलतात. फसले, ठकले, बुडाले. गुन्हा झालेला असतो आणि वाक्यात फक्त आपण एकटे असतो. फसणे-फसवणे, ठकणे-ठकवणे, बुडणे-बुडवणे अशा जोड्या मराठीत तयार आहेत. त्या एका "व"नं करणारा माणूस वाक्यात येतो. कायद्याच्या मराठी पुस्तकात या गुन्ह्याचं नाव ठकवणूक आहे. फसवणूकही लोक लिहितात, चालतं. पण ठकवणूक हा शब्द ऐकायला जुना वाटला तरी त्यात ठकवणारा ठसठशीत उभा आहे.

हवालदारांना म्हटलं, "उद्या परत लिहून आणतो साहेब."

"आणा. आणि चेक परत आल्याचा कागद आणा, तो जोडलेलाच नाही."

चिठ्ठीवरचे दोन शब्द

संध्याकाळी बँकेचा तो कागद पाहिला. हातभर लांब चिठोरी, अर्धवट उमटलेली छपाई. चेक परत का आला याच्या कारणांची यादी आणि एका कारणापुढं खूण. शंभरात नव्वद वेळा, निदान माझ्या टेबलावर येतात त्यांत, खूण "खात्यात पुरेशी रक्कम नाही" यापुढं असते. इथं ती "खाते बंद" यापुढं होती. बारीकशी बरोबरची खूण, शाई थोडी पसरलेली.

रक्कम नसणं म्हणजे बुडवणं असू शकतं. आठ दिवसांत पैसे जमतील वाटलं होतं, जमले नाहीत, असं म्हणायला जागा राहते. पण चेक देताना खातंच बंद असेल तर? मग तो कागद पहिल्या क्षणापासून कोरा होता आणि देणाऱ्याला ते माहीत होतं. खातं कधी बंद झालं ते चिठ्ठीवर नव्हतं. म्हणून नव्या मजकुरात मी लिहिलं : "चेक देतेवेळी सदर खाते चालू होते किंवा कसे, याची माहिती बँकेकडून मागवण्यात यावी."

पुतण्याकडं व्यापाऱ्याचं छापील कार्ड होतं. दुसऱ्या राज्यातल्या एका बाजाराचं नाव, पेढीचं नाव, गाळा नंबर. मी म्हटलं, बाळा, गाडीवाल्याला गाठ. द्राक्षाची गाडी कुठं रिकामी झाली ते ड्रायव्हरला माहीत असतंच. त्यानं दोन दिवस फोन करून गाडीवाला शोधला. माल कार्डावरच्या बाजारात गेलाच नव्हता. आणि त्या बाजारातल्या त्या नंबरच्या गाळ्यात भलतेच लोक होते, त्यांनी त्या पेढीचं नाव ऐकलेलं नव्हतं.

आता शब्द बदलला. नसलेल्या पेढीचा मालक म्हणून जो येतो तो तोतया. मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ गेले आणि पुढं त्यांच्या नावानं एक जण उभा राहिला. कित्येकांनी त्याला खरा मानला. १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली आणि तोतया हा शब्द भाषेत कायमचा बसला. कायद्याच्या मराठीतही "तोतयेगिरी करून ठकवणूक" असंच आहे, आता कलम ३१९. ज्याचं सोंग घेतलं तो माणूस खरा असो नाहीतर काल्पनिक, गुन्हा होतोच. नसलेल्या पेढीचं कार्ड छापलं तरी होतो.

आणि पहिल्या दिवशी रोख दिलेले ३० हजार? हवालदारांना ज्यात सचोटी दिसली तिथं आता दुसरं काही दिसायला लागलं. बाजारापेक्षा दहा रुपये चढा दर, ठसठशीत इसार आणि पहिल्या तोडीचे रोख पैसे. ५०० पेट्यांचे दिले, २,००० नेल्या. गळाला आमिष लावतात ते काही माशाचं पोट भरावं म्हणून नाही.

केसानं गळा

त्या रात्री नवा मजकूर डोक्यात जुळवत होतो आणि मावशींचं ते वाक्य परत आठवलं. केसानं गळा कापला.

मी ते रडगाणं समजून सोडलं होतं. पण ही म्हण अशी कुठंही बसत नाही. सुरीनं परका कापतो. केसानं कापायला माणूस जवळचा लागतो, इतका जवळचा की त्याच्या हाताची आपल्याला भीती वाटत नाही. व्यापारी तीन दिवसांचा पाहुणा. तो फसवेल, ठकवेल, लुबाडेल. तो केसानं गळा कसा कापेल? मावशींना हे कळत नव्हतं असं समजणं हा माझा अडाणीपणा होता. जुन्या सातवीच्या बाईनं म्हण अचूक वापरली होती, चुकलो होतो मी.

दुसऱ्या दिवशी त्या आल्यावर पुतण्याला चहा आणायला पाठवलं आणि विचारलं, "मावशी, केसानं गळा कापला म्हणताय ते व्यापाऱ्याला का दुसऱ्या कुणाला?"

त्या बराच वेळ गप्प होत्या. समोरच्या कडुनिंबाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता घरातलं कशाला काढू भाऊ."

दलाल त्यांच्या जावेचा भाऊ होता. मावशींच्या घरात जेवलेला, पतीच्या आजारपणात दवाखान्यात रात्री बसलेला. सौद्याच्या वेळी मावशी चेक घ्यायला कां-कू करत होत्या तेव्हा तोच म्हणाला होता, "मी हाय न्हवं मधी." त्या चार शब्दांवर चेक घेतला गेला. आणि ज्याचं मावशींना सगळ्यांत जास्त लागलं होतं ते पुढचं. त्याची स्वतःची बाग त्याच आठवड्यात तयार झाली होती, आणि ती त्यानं या व्यापाऱ्याला दिली नाही. पाच-दहा रुपये कमी घेऊन दुसऱ्याला दिली, रोखीनं.

"एवढा चढा दर हुता तर त्येनं स्वतःचा माल का न्हाई दिला ह्याला? मला ते रातच्याला सुचलं भाऊ. मग झोप न्हाई."

पुतण्याला यातलं काही माहीत नव्हतं, कारण मावशींनी घरात वाच्यता केली नव्हती. जावेचं माहेर तुटेल म्हणून. पानावरच्या त्या पाच शब्दांत दलाल कुठंच नव्हता, मी टाइप केलेल्या स्वच्छ कागदातही नव्हता. तो फक्त त्या म्हणीत होता.

त्या माणसाला सगळं माहीत होतं की तोही फसला, हे मी ठरवू शकत नाही. स्वतःचा माल रोखीनं विकणं हा गुन्हा नाही. म्हणून अर्जात आरोप लिहिला नाही, तीन गोष्टी लिहिल्या : सौद्याच्या वेळी कोण हजर होतं, कोण काय बोललं, आणि त्याच आठवड्यात त्याचा स्वतःचा माल कुणाला व कसा गेला. "विश्वासघात" हा शब्द मावशींनी सुचवला, तो मी टाळला. बोलण्यात विश्वासघात म्हणजे मन मोडणं, पण कायद्यात त्याला आधी एखादी वस्तू सोपवलेली असावी लागते, आणि इथं ती कुणाकडं व कशी सोपवली हे तपासात निघायचं होतं.

पुढं काय झालं

गुन्हा दाखल झाला. ३१८ (४), ३१९ (२), आणि दोघा-तिघांनी मिळून केल्याचं दिसल्यास म्हणून ३ (५). फिर्यादीची प्रत फुकट मिळते, मागून घ्या, असं हवालदारांनीच पुतण्याला सांगितलं. बँकेचं उत्तर यायला पाच आठवडे लागले. खातं नोव्हेंबरमध्येच बंद झालं होतं, म्हणजे चेक लिहिला त्याच्या तीन महिने आधी.

चेकचं वेगळं प्रकरण वकिलांमार्फत घातलं. तिथं दिवस मोजावे लागतात. चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस, त्यानंतर महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. खातं बंद असलं तरी चेक न वटण्याबद्दलचं, परक्राम्य संलेख कायद्याचं कलम १३८ लागतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्येच स्पष्ट केलेलं आहे. आम्ही पहिल्या दिवशी पाच शब्दांचं ते पान देऊन घरी बसलो असतो तर हे ३० दिवस निघून गेले असते. नोटीस कार्डावरच्या पत्त्यावर गेली आणि अपेक्षेप्रमाणं परत आली, दुसरी चेकबुकासाठी बँकेत दिलेल्या पत्त्यावर पाठवली.

व्यापारी अजून सापडलेला नाही. दलालाला बोलावलं तेव्हा त्यानं मधल्या कमिशनचे म्हणून घेतलेले १२ हजार मावशींच्या घरी आणून दिले. उंबऱ्याच्या आत आला नाही. मावशींनी पुतण्याला पैसे मोजून घ्यायला सांगितलं आणि पावती लिहून द्यायला लावली. त्याचं पुढं काय करायचं ते कोर्ट बघेल.

एक गोष्ट मला करायची होती ती राहिली नाही. दलाल चौकशीला येऊन गेल्यावर मावशींचा पुरवणी जबाब घेतला, तेव्हा मी बाहेर बाकावर होतो. जबाब पोलीस लिहितात, माझं त्यात काही चालत नाही. आत जाताना हवालदारांना फक्त एवढं म्हणालो, साहेब, त्या एक वाक्य बोलतील, ते त्यांच्याच शब्दांत घ्या, फसवणूक असं करू नका त्याचं. त्यांनी काही उत्तर दिलं नाही. नंतर प्रत पाहिली. सरकारी भाषा, सदर, सदरहू, वर नमूद इसम, आणि मधोमध अवतरणात, थोड्या मोठ्या अक्षरात लिहिलेलं : "व्यापाऱ्यानं मला फसवलं. पण केसानं गळा कापला त्यो आमच्या घरातल्यानं."

ऑक्टोबरमध्ये मावशींनी बाग परत छाटली. यंदा चेक घेणार नाही म्हणतात.